भुताची माय

ललित तेलगोटे पडद्यावर चार वेळा मेला होता, आणि चारही मरणं त्याने स्वतःच लिहिली होती. पहिल्या सिनेमात तो विहिरीत पालथा तरंगणारा मुडदा होता. दुसऱ्यात रखवालदार, तो अकराव्या मिनिटाला संपला. तिसऱ्या आणि चौथ्या सिनेमात त्याच्या तोंडी मिळून पाच वाक्यं होती. भयपटांचा लेखक म्हणून त्याचं नाव झालं होतं, निर्माते अमरावतीला घरी फोन करून गोष्ट मागत. ललितची एकच अट असायची, एक भूमिका माझी. निर्माते हो म्हणत आणि सगळ्यांत लहान भूमिका त्याच्या हातात ठेवत.

त्याचं गाव हिवरखेड. वडील पुंजाजी गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक होते, पक्के बौद्ध. त्यांच्या घरात देव नव्हता, तसं भूतही नव्हतं. मुलगा भुताखेतांच्या गोष्टी लिहितो हे कळल्यावर ते म्हणाले होते, "ज्याच्यातून आपन बाहेर निघालो, त्याच्यातच तू वापस घुसून राहिला." त्यांनी त्याचा एकही सिनेमा न पाहता डोळे मिटले. आई वच्छलाबाई मात्र सगळे पाहायची. तिचं म्हणणं साधं होतं. "भूत नसते, पन मानूस भेवते. ते तं खरं हाय ना."

बेचाळिसाव्या वर्षी ललितला हवं ते मिळालं. 'सरकी' नावाच्या सिनेमात त्याने जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, मुनीमाची गोष्ट लिहिली. कापसाच्या गठाणी बांधायच्या प्रेसमध्ये सापडून मेलेला मुनीम भर दुपारी परत येतो. दिग्दर्शक सागर त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, पण समजूतदार होता. त्याने मुनीमाची भूमिका ललितला दिली. अकोल्यात एक बंद पडलेलं जिनिंग भाड्याने घेतलं आणि मार्चमध्ये शूटिंग सुरू झालं.

चौथ्या दिवशी वच्छलाबाई हिवरखेडहून बसने आली. मुलाला पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं, ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. नेमकं त्याच सकाळी मुनीमाच्या आईचं काम करणाऱ्या पुण्याच्या बाईंचा निरोप आला, पाय मोडला, येऊ शकत नाही. सागरने इकडेतिकडे पाहिलं. वच्छलाबाई सावलीत पोत्यावर बसून डब्याची गाठ सोडत होती.

"आजी, एक काम कराल का आमचं?"

"मले काय येते बाप्पा?"

"मुलगा घरी येतो, त्याला जेवायला वाढायचं."

"ते तं येते," ती म्हणाली.

ललितला आधी आनंदच झाला. मुलगा आणि आई एका सिनेमात! त्याने तिला प्रसंग समजावून सांगितला. मुलगा मेला हे आईला माहीत नाही. ती त्याला वाढते, वाढता वाढता त्याच्या मनगटाला हात लागतो, मनगट थंडगार असतं. मग ती सहा वाक्यं बोलते. ती वाक्यं तिची असली तरी कॅमेरा ललितवर राहणार होता. ऐकता ऐकता मुनीमाचा चेहरा बदलत जातो, असं त्याने लिहिलं होतं.

तालमीला वच्छलाबाईने कागद वाचला. सातवी शिकलेली बाई, वाचायला अडली नाही. पण मुलाच्या मनगटाला हात लागल्यावर कागदावरचं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

"काहून रे, इतका थंडा काहून पडला?" असं म्हणून ती थोडी थांबली. मग हलकेच ताट त्याच्यापुढे सरकवत म्हणाली, "बस. जेव. मेलं म्हून काय उपाशी जाशीन?"

उजेड फेकायचा पांढरा पत्रा धरून उभा असलेला माणूस पत्रा खाली करून तिच्याकडेच पाहत होता. सागर पुटपुटला, "बापरे."

ललितच्या तोंडावर दोन तास बसून लावलेला रंग होता, म्हणून त्याचा चेहरा कोणाला दिसला नाही. पंधरा वर्षांत त्याच्या एकाही वाक्याने असा पत्रा खाली आला नव्हता. कोण आहे ही? याचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि त्यामुळेच छातीत जास्त जळत होतं.

त्याने सागरला बाजूला घेतलं. "माय थकून जाईल. उन्हाचं तिला इतकं बोलायला लावू नको. ओळी काढून टाकू."

"दादा, पण ती जे बोलली..."

"लेखक मी आहे ना?"

ललितने पेनाने सहाही ओळींवर काट मारली आणि आईला येऊन सांगितलं, "तुले काही बोलायचं नाही. फक्त वाढायचं."

"आन् ते उपाशी जायचं?"

"ते नाही पाहिजे."

"बरं," वच्छलाबाई म्हणाली.

शॉट सुरू झाला. तिने भाकर वाढली, ठेचा वाढला. मनगटाला हात लागला आणि तिथेच राहिला. मग तिने हात काढून घेतला, ताट पुढे सरकवलं, बाजूचा पुठ्ठा उचलला आणि मुलाला वारा घालू लागली. तोंडातून शब्द नाही. ती भ्यालेली होती, आणि तरीही उठून जाणार नव्हती, हे तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. इथे मुनीमाने किंकाळी फोडायची होती. ललित ती विसरला. सागरने कॅमेरामनला खूण केली आणि कॅमेरा ललितवरून वळून तिच्यावर गेला.

सिनेमा दिवाळीनंतर लागला. अमरावतीतला रविवारचा दुपारचा खेळ होता. ललित, त्याची बायको नीलम आणि वच्छलाबाई मागच्या रांगेत बसले होते. मुनीम पहिल्यांदा दारात उभा राहिला तेव्हा पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, कोणीतरी खो खो हसलं. पण म्हातारी पुठ्ठ्याने वारा घालू लागली तसं सगळं थिएटर चिडीचूप झालं, आणि मधल्या रांगेतली एक बाई किंचाळली. खेळ सुटल्यावर लोक वच्छलाबाईभोवती जमले. फोटो काढायला रांग लागली. ललितच्या हातात लोकांनी आपापले मोबाइल दिले. "दादा, एक काढा ना आमचा आजींसोबत."

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका पेपरात तिचा फोटो आला, वर मोठ्या अक्षरात 'भुताची माय'. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'लेखक ललित तेलगोटे यांनीही यात भूमिका केली आहे.' त्या 'यांनीही'वर ललितची नजर दिवसभर अडकून राहिली.

मग फोन सुरू झाले. मुंबईच्या एका कंपनीने आजींचा नंबर मागितला. ललित म्हणाला, "ती फोन वापरत नाही." आणखी दोघांनी विचारलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. अकोल्यातल्या एका मंडळाला तिचा सत्कार करायचा होता. त्यांना त्याने सांगितलं, "माय आजारी आहे, प्रवास झेपणार नाही." सत्कार त्या मंडळाने दुसऱ्या कोणाचा तरी केला.

आठवड्याभराने सकाळी दहाच्या सुमाराला वच्छलाबाई अमरावतीच्या घरी हजर झाली. पिशवी खाली ठेवली आणि पाणीही न घेता खुर्चीत बसली.

"शेजारची गंगूबाई मले पाह्याले आली होती. संगं फळं घेऊन. तिचा जावई हाय त्या मंडळात. मी कवा आजारी होती रे?"

ललितने काहीबाही सांगायला सुरुवात केली. तब्येत, प्रवास, लोक कसे असतात. नीलम चहा गाळत होती. ती वळूनही न पाहता म्हणाली, "मुंबईच्या फोनचंही सांगा."

वच्छलाबाई मुलाकडे पाहत राहिली.

"मी जळलो, माय. तुयावर. ओळी बी मीच कापल्या. ऊनगीन काही नव्हतं."

वच्छलाबाई रडली नाही, ओरडलीही नाही.

"साक्षरतेचे वर्ग चालू होते तवा," ती म्हणाली, "तुये बाबा शाळेत शिकवत आन् मी समाजमंदिरात. त्याइच्या वर्गाले सात-आठ मानसं. मायाकडे पन्नास बाया. लोकं चौकात म्हनत, गुरुजीपेक्षा बाई चांगलं शिकवते. एक दिवस घरी येऊन मले म्हनाले, तुले दम लागते, वर्ग सोडून दे. मले कदीच दम लागला नाई."

"बाबा असं म्हणाले?" ललितला खरं वाटेना.

"मानूस चांगलाच होता. पन म्हनले. तवा मी गप्प बसली. आता बसत नाई. लाव तो मुंबईचा फोन. मायासमोर."

त्याने लावला. वच्छलाबाईने फोन हातात घेतला आणि ठणठणीत आवाजात आपला नंबर दोनदा सांगितला. मग ती चहा प्यायली. त्या दिवशी ललितशी ती आणखी एकही शब्द बोलली नाही, आणि पुढे तीन महिने त्याचा फोन आला की नीलमला द्यायला सांगायची.

पुढच्या उन्हाळ्यात सागरने वच्छलाबाईला मुख्य भूमिकेत घेऊन नवा भयपट ठरवला. लेखक कोण, असं विचारल्यावर ती म्हणाली, "माया पोरगाच लिहीन. त्याले जमते." ललितने लिहिला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी भूमिका लिहिली नाही. हा त्याग वगैरे नव्हता. त्याला लाज वाटत होती, एवढंच.

शूटिंग दर्यापूरजवळ होतं. ललित कागद घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूला बसायचा. एका प्रसंगात वच्छलाबाई मध्येच थांबली.

"हे असं कोनी बोलत नाई, बाबू."

"मग कसं बोलते?"

तिने सांगितलं. कॅमेरामन नकळत "वा!" म्हणून गेला. ललितच्या छातीत परत तेच झालं, अगदी जिनिंगमध्ये झालं होतं तसंच. कागद फाडावासा वाटला. तो उठून बाहेर गेला, टपरीवर उभ्यानेच चहा घेतला, वाहनांच्या धुळीत जरा वेळ थांबला. परत आला तेव्हा सगळे त्याच्यासाठी खोळंबले होते.

"काय करायचं, दादा?" सागरने विचारलं.

ललितने आपलं वाक्य खोडलं आणि आईला म्हणाला, "एक खेप अजून सांग. हळू सांग, लिहून घेतो."