कोरी चिप

मामानं तिसऱ्यांदा बटण दाबलं. मशीन ढिम्म.

“अहो भाऊ, अठरावा दिवस आहे!” कोंबडीवाल्या काकू रडकुंडीला आलेल्या. त्यांची साठ अंडी बाकावर ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलेली. तीन दिवसांनी पिल्लं बाहेर यायची. गार पडली तर सगळंच संपलं.

उबवणीच्या मशीनमधली जळकी चिप काढून मामानं त्याच नंबरची नवी टाकली होती. तीस वर्षं रेडिओ असेच तर दुरुस्त केले. नंबर जुळवला की गाणं सुरू! आज मात्र तो तोंडावर आपटला होता, तेही काकूंसमोर.

भाचीनं भिंगातून नंबर वाचला आणि खुदकन हसली.

“मामा, हा मायक्रोकंट्रोलर आहे रे. कोरा!”

“कोरा कसा? सीलबंद आणलाय.”

“म्हणूनच कोरा! तुझी अँप्लिफायरची चिप एकच काम शिकून जन्माला येते, आवाज वाढवायचं. हा पठ्ठ्या वाट्टेल ते करेल, पण आधी सांगावं लागतं. गार झालं की दिवा लाव, तापलं की बंद कर. ते लिहून त्याच्या डोक्यात भरायचं. जुनीत भरलेलं होतं, ते तिच्याबरोबर गेलं.”

“मग भर की!”

“लिहून, तपासून होईस्तोवर संध्याकाळ होईल.”

“अगं बाई!” काकूंनी अंड्यांभोवतीचं ब्लँकेट आणखी घट्ट केलं.

मामानं डोकं खाजवलं. “गार की गरम, एवढंच बघायचंय ना? अंडी फिरवायची?”

“शेवटचे तीन दिवस नाही फिरवत,” काकू म्हणाल्या.

“मग एवढ्याशा कामाला एवढा विद्वान कशाला?” मामानं सुट्या भागांचा डबा उपडा केला आणि आठ पायांची एक चिप उचलली. “ही कंपॅरेटर. दोन व्होल्टेजमध्ये जास्त कुठलं, तेवढंच सांगते. एक उष्णतेप्रमाणे बदलणारं द्यायचं, दुसरं आपण ठरवलेलं.”

“दोन सुनांत बरी कुठली, सांगणाऱ्या सासूसारखी!” काकूंना तशातही सुचलं.

भाची वायर धरायला लागली. “मामा, हे माझ्या डोक्यातच नाही आलं.”

“येईल, येईल. हात हलवू नकोस.”

तासाभरात दिवा लागला. तापमान चढत साडेसदतीस अंशांच्या वर गेलं. टक्. दिवा बंद. जरा वेळानं पुन्हा टक्. चालू!

काकूंनी भराभर अंडी आत ठेवली. शेवटचं मात्र आतलं पिल्लू जिवंत आहे का बघायला टॉर्चवर धरलं.

“हललं!” भाची ओरडली.

“कुठं, कुठं?” तिघांची डोकी एकमेकांवर आपटली, पण अंड्यावरची नजर कुणी काढली नाही.