अकरावा गोल

“जुन्यात उभं राहायचं की नव्यात?”

किराणा दुकानासमोरच्या रांगेतून एका बाईनं विचारलं. पेंटर गुडघ्यांवर बसून डांबरी रस्त्यावर गोल काढत होता. मान वर न करताच तो म्हणाला, “नव्यात. पण रंग वाळल्यावर.”

“आणि वाळेपर्यंत?”

या प्रश्नाला सरकारकडेच उत्तर नव्हतं, तर पेंटरकडे कुठून असणार! त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निपटला आणि पुढच्या गोलाकडे सरकला.

दुकानासमोरचा रस्ता आता पोरांनी गिरवलेल्या पाटीसारखा झाला होता. आधी माणसामाणसांत सहा फूट अंतर होतं, मग तीन झालं, मग पुन्हा सहा. दर वेळी जुने गोल काळ्या रंगानं पुसायचे आणि नवे काढायचे. पण उन्हं चढली की पुसलेले गोल काळ्या रंगाखालून डोकं वर काढायचे. त्यामुळे रांगेत कोणी सहाच्या हिशेबानं उभा असायचा, कोणी तीनच्या, आणि दोघंही एकमेकांकडे गुन्हेगाराकडे बघावं तसे बघायचे.

“त्या रोगाला फूटपट्टी कळते का, एवढंच मला सांगा,” केस कापणारा कारागीर म्हणाला. दोन महिने त्याचं दुकान बंद होतं आणि तोंड सारखं चालू होतं. “किराणा उघडा, मी बंद. सकाळी बाजार चालू, संध्याकाळी बंद. रोग काय संध्याकाळच्या पाळीला येतो?”

“मी म्हणतो, सगळंच बंद करा!” दोन मास्क एकावर एक लावलेले निवृत्त मास्तर म्हणाले. “आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाही.”

“तुमचं काय जातंय मास्तर? पेन्शन घरबसल्या येतं.”

“अहो गोलवाले,” मास्तरांनी मोर्चा वळवला, “तुम्हीच सांगा. हे सगळं बरोबर आहे की चूक?”

“मला गोल काढायला सांगितलंय,” पेंटर म्हणाला. “सरळ रेघ सांगितली की सरळ काढीन.”

रांगेतले हसले. पण तो विनोद करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. न्हाव्याचं ऐकलं की न्हावी बरोबर वाटायचा, मास्तरांचं ऐकलं की मास्तर. रात्री बातम्या लागल्या की दोघंही चूक वाटायचे. बायको म्हणायची, “तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? आपण भलं आणि आपला ब्रश भला.” तेही बरोबर वाटायचं.

तो नगरपालिकेत रंगारी होता. घरांवर नंबर टाकायचे, रस्त्यावर पट्टे मारायचे, ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असं लिहायचं. माणसांनी रस्ता ओलांडावा म्हणून त्यानं उभ्या आयुष्यात जे पांढरे पट्टे मारले, त्यांच्यापुढे एखादी गाडी थांबली असेल तर शपथ. ‘वाहने उभी करू नयेत’च्या खाली तर हमखास दोन स्कूटर. आणि आता त्याच गावात तो वीतभर दोरीनं एक गोल काढायचा आणि अख्खं माणूस मुकाट्यानं त्यात जाऊन उभं राहायचं. साहेब, शेठ, पोलीससुद्धा. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं. आपण काढलेली रेघ कोणीतरी मानतंय, हे त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं.

गोल काढायची त्याची रीत त्याला ताईनं शिकवली होती. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा लहान होता. ताईनं शिवणाच्या मशिनवर त्याला वाढवलं. गोल घेराचा फ्रॉक कापायचा असला की ती कापडावर एक टाचणी रोवायची, तिला दोरा, दोऱ्याला खडू, आणि म्हणायची, “धर टाचणी. हलवलीस तर फटका.” त्याची टाचणी पुढे खिळा झाली, खडूचा ब्रश झाला, एवढंच.

ताई आता हॉस्पिटलात होती. आठवडा झाला होता. आत कोणाला सोडत नव्हते. दुपारी कधीतरी नर्स फोन कानाला लावून द्यायची.

“तुझे गोल बघितले रे,” परवा ती धापा टाकत म्हणाली होती. “खिडकीतून दिसतात. औषधाच्या खिडकीसमोरचा दुसरा चेपलाय. दोरी ढिली सोडलीस तू.”

“तू झोप गं ताई. गोल कसले मोजतेस?”

“दुसरं काय आहे इथे बघायला? ताणून धरावी दोरी.”

त्याला वाटलं होतं, एवढं टोचून बोलतेय म्हणजे बरी होतेय.

किराण्याचं काम आटपून तो स्मशानाकडे निघाला. नगरपालिकेतल्या साहेबांचा सकाळीच फोन आला होता. “पेंटर, स्मशानात किती गोल आहेत?”

“वीस, साहेब.”

“दहा पुसा. नवीन आदेश आलाय. दहाच माणसं.”

“लेखी आहे का साहेब?”

“वाचूनच सांगतोय ना तुम्हाला! किती आदेश येतात दिवसाला, कल्पना आहे का? पुसा तुम्ही.”

त्यानं दहा गोल काळे केले. फाटकावरच्या रखवालदारानं आदेश वाचला नव्हता की बातम्या ऐकल्या नव्हत्या. त्याचा कायदा एकच होता, “जेवढे गोल, तेवढी माणसं.” एका गोलात एक माणूस उभा राहिला, सगळे भरले की फाटक बंद. मेलेल्याचा भाऊ असो की मंत्री.

काम संपत आलं तोच टकलावर रुमाल टाकलेला एक माणूस फाटकाबाहेरून हाका मारू लागला. आतले गोल भरले होते आणि हा उरला होता.

“अहो, एक गोल जास्त काढा ना. माझा मित्र आहे आत. शाळेपासूनचा. एका बाकावर बसलोय आम्ही.”

“नियम आहे हो.”

“कालपर्यंत वीस होते!”

“काल होते.”

“तुमच्या हातात ब्रश आहे. एका गोलानं काय होतंय? इथं कोपऱ्यात काढा. मी श्वाससुद्धा घेणार नाही.”

पेंटरला त्याची दया आली. पण एकाला काढला की दुसरा येणार, दुसऱ्यानंतर तिसरा, आणि मग पुन्हा त्या पट्ट्यांसारखंच, कोणी विचारणार नाही. “माझ्या हातात फक्त ब्रश आहे,” तो म्हणाला, “आकडा वरून येतो.” हे वाक्य त्याला स्वतःलाच फार आवडलं. संध्याकाळी त्यानं ते बायकोलाही ऐकवलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी पहाटे भाच्याचा फोन आला. ताई गेली होती.

बातमी ऐकून तो पलंगाच्या काठावर बसला. बायकोनं पाणी आणून दिलं ते त्यानं हातातच धरून ठेवलं. “पण बरी होत होती ना,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. “गोल चेपलाय म्हणाली मला.” बायकोला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं मान हलवली. मग ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, “तुम्ही जा लवकर. मी येत नाही, मी आले तर तेवढी एक जागा जाईल.”

तो सायकलवरून स्मशानापाशी पोहोचला तेव्हा हॉस्पिटलची गाडी आत गेली होती. सायकलला नेहमीप्रमाणे रंगाचा डबा टांगलेला होता, खिशात खिळा आणि दोरी होती. फाटकापाशी भाचा उभा होता. आत नऊ गोल भरलेले होते. भाच्याची बायको, ताईच्या दोन्ही मुली, जावई, दीर, जाऊ, पुतणे. सगळी ताईच्या सासरची, सगळी जवळची. बोट दाखवून एकाला ‘तू बाहेर हो’ म्हणावं असं त्यात कोणी नव्हतं. दहावा गोल भाच्याचा होता.

“मामा, तुम्ही जा आत,” भाचा म्हणाला. “मी थांबतो इथे.”

“वेडा आहेस का? आई आहे तुझी.”

“मग तुमची कोण होती?”

पेंटरनं फाटकातून आत पाहिलं. आतले आपापल्या गोलात पाय रोवून उभे होते. एकाची नजर जमिनीवर होती, एकाची फोनवर. धाकटा पुतण्या तेवढा ओरडला, “अरे, वीस आहेत वीस! काल रेडिओवर सांगितलं.”

“रेडिओ इथे येऊन उभा राहणार आहे का?” रखवालदार म्हणाला. “गोल दहा आहेत.”

पेंटरनं साहेबांना फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर साहेब म्हणाले, “अहो, मला तरी कुठे ठाऊक आहे? वरून आलं की कळवतो.” आणि फोन ठेवला.

“मामा,” भाच्यानं आवाज खाली आणला, “डबा आहे ना सायकलला? काढा एक गोल. हा काय, गोल मोजतो फक्त. त्याला काय कळणार आहे?”

रखवालदारानं ते ऐकलं. तो वळून दुसरीकडे बघायला लागला आणि चांगला सावकाश तंबाखू मळत बसला. काढ बाबा, मी पाहिलं नाही, असंच ते होतं.

पेंटरनं डब्याचं झाकण उघडलं. ब्रश बुडवला. खिशातून खिळा काढला. फाटकाच्या आत चार पावलांवर, कोपऱ्यात, जागा होती. काळा केलेला अकरावा गोल उन्हात अंधुक दिसतही होता. नुसता गिरवला असता तरी पुरे. हात पुढे झाला आणि त्याच्या डोळ्यांसमोर परवाचा तो टकलावर रुमाल टाकलेला माणूस आला. त्याच कोपऱ्याकडे बोट दाखवत होता तो. श्वाससुद्धा घेणार नाही म्हणाला होता. आपण त्याला काय ऐकवलं! आणि ते वाक्य घरी जाऊन बायकोला सांगितलं, शाबासकीसाठी!

त्याला स्वतःची लाज वाटली. त्या माणसाला काढून दिला असता तर आज आपल्यालाही काढता आला असता, असं त्याला वाटलं. मग वाटलं, त्याला काढायला नको होता हेच बरोबर. मग काहीच कळेना. ब्रशावरून रंगाचे थेंब त्याच्या चपलेवर पडत राहिले.

“तू आत जा,” तो शेवटी भाच्याला म्हणाला. “तिला उशीर नको.”

फाटक बंद झालं. पेंटर बाहेर सळ्या धरून उभा राहिला. गाडीच्या आडून त्याला काहीच दिसलं नाही. भाच्याची पाठ दिसली आणि ती हलत होती तेवढं दिसलं. पेंटर मोठ्यानं रडला. रखवालदारानं त्याला स्वतःच्या स्टुलावर बसवलं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर जाणार नव्हता. पण साहेबांचा फोन आलाच.

“पेंटर, ते स्मशानाचं वीसच आहे बरं का. वीसच होतं. काय झालं, लग्नाला पन्नास, अंत्यसंस्काराला वीस आणि वाचनालयाला दहा, असं एकाखाली एक होतं. माझी ओळ चुकली वाचताना. तेवढे दहा परत काढून टाका आज.” मग जरा थांबून, “काय झालं? ऐकताय ना?”

“वाचनालयाला दहा,” पेंटर म्हणाला.

“हो. तसं ते बंदच आहे म्हणा.”

साहेबांना ताईचं माहीत नव्हतं. त्यानं सांगितलंही नाही. सांगून काय करायचं होतं? साहेब वाईट नव्हते. रोज कागदांच्या ढिगात बसून त्यांचे डोळे लाल झालेले त्यानं पाहिले होते. त्याला रागवायचं होतं, पण कोणावर रागवायचं तेच ठरेना.

स्मशानात सकाळी कोणी नव्हतं. रखवालदारानं फाटक उघडून दिलं आणि काही न विचारता बादलीभर पाणी आणून ठेवलं. पेंटरनं कोपऱ्यातली जागा झाडली, धुतली, कोरडी होऊ दिली. मग खिळा रोवला आणि दोरी ताणली. इतकी ताणली की बोटात रुतली. ब्रश न उचलता त्यानं एका दमात गोल पुरा केला. कुठेही चेपला नव्हता.

मग ओल्या रेघेवरून जपून पाय टाकून तो आत उभा राहिला. समोर रिकामी जागा होती. त्यानं चपला काढून हातात घेतल्या. उजव्या चपलेवर कालचे पांढरे थेंब वाळलेले होते.

“पेंटर,” फाटकावरून हाक आली, “अजून नऊ राहिलेत ना?”

“काढतो.”

“मग पुढच्यात सरका की.”

पेंटरनं शेजारच्या काळ्या गोलाकडे पाहिलं. “त्यात नको,” तो म्हणाला. “तो त्या रुमालवाल्याचा आहे.”

खिशात फोन वाजायला लागला. साहेबच असणार. दहा झाले असतील, नाहीतर तीस. रखवालदार त्याच्याकडे बघत होता. पेंटरनं फोन वाजू दिला आणि रंग वाळेपर्यंत तिथून हलला नाही.