सगळं एकात

खोक्यावर 'सगळं एकात' असं छापलेलं दिसलं की कल्याणचा हात आपोआप खिशाकडे जायचा. त्याच्याकडे पंखा आणि रेडिओ बसवलेली एक बॅटरी होती. रेडिओ फक्त खरखरायचा, पंखा उन्हाळ्यात झोपायचा आणि उजेड पडायचा तो फक्त दिवसा. चाकू, चमचा आणि बाटलीचं झाकण काढायचा आकडा एकत्र असलेली एक वस्तूही होती. तिने वरण ढवळताना कल्याणचंच बोट कापलं होतं.

त्यामुळे तो भलंमोठं खोकं पोटाशी धरून दुकानात शिरला, तेव्हा ज्योतीने हातातली पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "आता यात काय काय आहे?"

"सगळं!" कल्याण म्हणाला. "प्रिंटर हाच, लेझर हाच, लाकूड कोरायचं मशीन हेच. पुढचं हे हेड बदललं की काम बदललं."

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडमागचं ते दुकान नवराबायको दोघांचं होतं, पण काम ज्योतीचं होतं. नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या. त्यासाठी तिच्याकडे तीन वेगवेगळी मशिनं होती. एक प्लास्टिकचा धागा वितळवून थरावर थर रचायचं, दुसरं लेझरने अक्षरं जाळायचं, तिसरं लाकूड कोरायचं. तिन्ही मिळून एवढी जागा खायची की गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून बोलायचं, हेही खरंच.

"तिन्ही कामं एकदम होतात यात?" तिने विचारलं.

"एकदम कशाला? तुला हात किती?"

"हात दोनच. पण प्रिंटर एकदा लावून दिला की तो आपला आपण दिवसभर चालतो. तेवढ्यात माझ्या लेझरवर पाट्या निघतात. यात प्रिंट चालू असताना लेझर कुठे असेल?"

"डब्यात."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगू? लेझर डब्यात आहे, उद्या या?"

"तू ना ज्योती, नवीन काही दिसलं की नाक मुरडतेस. तुझी तिन्ही मशिनं राहुरीच्या गोरक्षला देतोय मी. पूजाचं लग्न झालं की तो टेम्पो घेऊन येईल. त्या जागेत मस्त सोफा ठेवू."

मशीन वाईट आहे असं ज्योतीचं म्हणणं नव्हतं. ज्याच्याकडे एकच टेबल आहे, रविवारची सवड आहे आणि हौस आहे, त्याने ते जरूर घ्यावं. पण जिचं दुकान रोज सकाळी उघडतं, तिने तीन चालती मशिनं देऊन एकाची वाट बघत बसायचं, आणि तेही सोफ्यावर?

"ठरलं," ती म्हणाली. "पूजाचं रुखवत यावर करून दाखवा. झालं तर गोरक्षला मीच फोन करते. नाही झालं तर माझी मशिनं जागची हलणार नाहीत."

"मंजूर!" म्हणत कल्याणने स्वतःच तिच्या मशिनांवर चादर टाकली.

रुखवताचा बेत मोठा होता. पूजा कल्याणची एकुलती बहीण, सासर नेवाशाचं. टेबलावर छोटा साखर कारखाना मांडायचा, त्याची चिमणी प्लास्टिकची, उसाच्या गाड्या लाकडाच्या आणि प्रत्येक गाडीवर लेझरने कोरलेली नावं.

चिमणी छापायला दिवस गेला. तोवर गाड्या थांबल्या. मग कल्याणने हेड काढलं, कोरायचं हेड बसवलं. लाकूड कोरताना मशीन असं थरथरू लागलं की टेबलावरचा चहा आपणहून बशीत आला. भुसा सगळीकडे गेला. मग आठवलं, चिमणीचा वरचा भाग राहिलाच आहे. पुन्हा हेड बदलणं, पुन्हा खालची प्लेट सपाट आहे का ते बघणं. भुसा राहिला होता, त्यामुळे वरचा भाग तिरपा आला.

"वाकलीय," ज्योती म्हणाली.

"नेवाशाकडे वाकलीय. सासरचा मान ठेवलाय तिने."

लेझरची पाळी आली तोवर घरात हळदीची तयारी सुरू झाली होती. टेबलावर वाकडी चिमणी, बिनचाकांच्या गाड्या आणि नुसतं 'पू' लिहिलेली एक पाटी होती. सकाळी पूजा दुकानात आली, तिने ते बघितलं आणि मटकन खाली बसली.

"वहिनी, सासरच्या बायका हसतील गं मला. कारखाना बंद पडला म्हणतील, लग्नाच्या आधीच."

ज्योती गप्प राहिली असती, तर पैज तिचीच होती. पण पूजाच्या तोंडाकडे बघून तिने चादर ओढून काढली. एकावर चिमणी, दुसऱ्यावर नावं, तिसऱ्यावर चाकं. तिन्ही मशिनं एकदम घुमू लागली. दिवेलागणीला कारखाना उभा राहिला, चिमणी सरळ, गाड्या ओळीत.

"बघ, झालं की नाही?" कल्याण म्हणाला.

"कशावर झालं?"

"तेच गं. सुरुवात तर यावरच झाली ना?"

ज्योतीला वाटलं, हा निदान चारचौघांत तरी गप्प बसेल. लग्नात रुखवताभोवती बायकांची गर्दी झाली आणि कल्याणने माईक हातात घेतला. "हे सगळं एका मशीनवर, बरं का! ते तीन-तीन मशिनांचे दिवस गेले." कुणीतरी विचारलं, कुठलं मशीन? झालं. कल्याण गाडीतून मशीन घेऊनच आला आणि कारखान्याशेजारी रुखवताच्या टेबलावर ठेवू लागला.

त्याची आई चांगुणाबाई पुढे झाल्या. "आरं, तिथं नको ठिवूस. रुखवतावर ठिवलेलं पोरीसंगं जातं."

"आई, फक्त दाखवायला. लोकांना कळतं."

"लोकांना कळतं म्हनूनच सांगते."

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील श्रीमंतराव आले. बैठकीत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, 'आमाला मुलगी आन् नारळ, बाकी काय नको.' आता त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली आणि माईक मागून घेतला.

"पाव्हण्यांनी लई मोठं मन दाखवलं! आमी काय मागितलं न्हवतं. पन प्रेमानं दिलेलं न्हाई कसं म्हनायचं? टाळ्या वाजवा!"

टाळ्या वाजल्या. कल्याणने माईककडे हात नेला आणि मागे घेतला. मशीन दाखवायलाच आणलं होतं म्हणावं, तर बहिणीच्या लग्नात दिलेलं परत घेतलं असं होतं. कारखाना यावर झालाच नाही म्हणावं, तर आत्ताच माईकवर बोललेलं खोटं पडतं. त्याने ज्योतीकडे बघितलं. ती मदत करील अशी त्याला आशा होती.

ज्योतीने मदत केली. पाठवणीच्या वेळी ती लगबगीने टेम्पोजवळ गेली आणि श्रीमंतरावांच्या हातात एक डबा दिला. "मामा, हे राहिलं होतं. लेझरचं हेड आणि कोरायचं हेड. याशिवाय पाट्या कशा करणार?"

"ताई, तुमी लई गुनाच्या!"

परतल्यावर गोरक्षला फोन कल्याणनेच केला. "मशिनं नाही देता येणार रे," तो म्हणाला. "ज्योतीचा जीव अडकलाय त्यात."

ज्योती पाटी पुसत ऐकत होती.

आठवड्याने दुकानात नेवाशाहून श्रीमंतरावांचा फोन आला. "ताई, नातवाच्या बारशाला आधीच पाटी करून ठिवावी म्हनलं. पन हे यंत्र नुसतं हुं हुं करतंय आन् लाकडाला प्लॅस्टिकचा लेप देतंय. कोनतं मुंडकं लावायचं?"

"मामा, ते यांनाच ठाऊक. मशीन त्यांचंच ना."

तिने फोन कल्याणच्या हातात दिला. तिन्ही मशिनं चालू होती, त्या आवाजात काही ऐकू येईना. आत उभं राहायला जागाही नव्हती. कल्याण एक कान हाताने झाकून बाहेर रस्त्यावर गेला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्यांच्या धुरळ्यात मोठमोठ्याने सांगू लागला, "आधी ते हेड काढा... नाही मामा, ते नाही, दुसरं..."