तांब्याची पट्टी

मालकांच्या जावयाने बिनतारी घंटीच्या डबीत रेडिओ मॉड्यूल बसवलं, ते नेमकं वीजपुरवठ्याला खेटून. तान्ह्या बाळाचा पाळणा लोहाराच्या ऐरणीशेजारी टांगावा, तसं. वीजपुरवठ्याच्या खरखरीमुळे प्रयोगशाळेच्या दाराबाहेरचं बटण दाबलं, तरी आतली घंटी मनात आलं तरच वाजायची. "मॉड्यूल लांब कोपऱ्यात न्या," हे सांगून सांगून इंजिनिअरबाईंच्या तोंडाला फेस आला. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आज स्वारी छाती काढून आली. "हलवाहलवी कशाला, बाई? तांब्याची पट्टी गुंडाळली. बघा, मीटरवर खरखर शून्य!"

बाईंनी डबी उघडली. शहाण्याने मॉड्यूलबरोबर बटणाचा संदेश पकडणारी अँटेनाही गुंडाळून टाकली होती. असल्या अकलेला पगार मिळतो, या विचाराने त्यांना हसूसुद्धा येईना.

तेवढ्यात दारावर धाडधाड बुक्के बसले. बाईंनी दार उघडलं. बाहेर मालक, लालबुंद. "केव्हाचा बटण दाबतोय! बहिरे झालात का सगळे?"

"पण बाबा, खरखर एकदम बंद!" जावयाने मीटर नाचवला.

"खरं आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "मेलेला माणूस घोरत नाही."