कोपऱ्याशी थांबलेल्या रेघा

"मामा, हा दोष माझ्या छपाईचा नाही हं," शिडीवरून प्रिंटवाला म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो. मागाहून माझ्या नावाने खडे फोडायचे नाहीत."

त्याने नुकताच चिकटवलेला फोटो जमिनीपासून थेट छतापर्यंत पोचत होता. फोटो होता गेरूच्या एका खड्याचा. मूळ खडा काडेपेटीएवढा. भिंतीवर तो दारापेक्षाही मोठा झाला होता. त्याच्या सपाट बाजूवर नऊ तिरप्या रेघा होत्या, एकीशेजारी एक. वरचा डावा कोपरा तेवढा पांढरट होता.

मामा खाली शिडी धरून उभे होते. उत्खननात मिळालेल्या वस्तू या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत येत आणि त्या साफ करायचं काम मामांचं. एकतीस वर्षं ते हेच करत आले होते. त्यांची भाची इथेच संशोधक म्हणून लागली आणि तिच्या तोंडचं 'मामा' ऐकून ऐकून सगळेच त्यांना मामा म्हणू लागले, अगदी संचालकसुद्धा.

"कसला दोष?" मामांनी विचारलं.

"रेघा बघा ना. खालून ऐटीत वर जातात आणि त्या पांढऱ्या कोपऱ्याजवळ आल्या की बिचकतात. एखादी सोडली तर त्याला शिवतसुद्धा नाहीत. मला वाटलं फाइलच अर्धवट आली. पण फाइलमध्येही असंच आहे."

"ते पांढरं म्हणजे चुन्याचा थर. गुहेत पाणी झिरपून हजारो वर्षांत जमतो. साफ करताना एक कोपरा मुद्दाम तसाच सोडायचा असतो. पुढे कुणाला शंका आली तर मूळ वस्तू कशी होती ते कळावं म्हणून."

"म्हणजे रेघा आधीच्या आणि पांढरं नंतरचं?"

"अर्थात. रेघा सत्तर हजार वर्षांपूर्वीच्या."

"मग त्या बाबाला कसं कळलं, की इथे पुढे पांढरं होणार आहे, इथे जायचं नाही?" प्रिंटवाला स्वतःच्याच विनोदावर हसला आणि फोटोवरचे बुडबुडे फडक्याने दाबू लागला.

मामा हसले नाहीत. शिडी सोडून ते चार पावलं मागे गेले.

हा फोटो त्यांनी शंभरदा पाहिला होता. भाचीचा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यांनी तो अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता. पण तिथे फोटो होता पोस्टाच्या तिकिटाएवढा. खडा स्वतः साफ करून दिल्यावर तो तिजोरीत गेला आणि नंतर त्यांच्या हाती आलाच नाही. आज प्रत्येक रेघ मनगटाएवढी जाड दिसत होती. डावीकडच्या आठ रेघा थराच्या थोड्या अलीकडे थांबत होत्या, आणि थांबताना आठही टोकांना डावीकडे बारीकसा बाक होता. नववी रेघ मात्र उजवीकडून येऊन सरळ थराच्या खाली शिरत होती.

खरवडायची सुई उचलताना असा बाक येतो. डाव्या हाताने काम करणाऱ्याने, सोडायच्या कोपऱ्याला धक्का लागू नये म्हणून, हात आयत्या वेळी बाहेरच्या बाजूला काढून घेतला की येतो. मामा डावरे होते.

"मामा, शिडी," प्रिंटवाला म्हणाला. "मला खाली उतरायचंय, पडायचं नाही."

तो उतरेपर्यंत मामांनी शिडी धरली आणि मग ते जिन्याकडे वळले.

या रेघांचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. त्या गुहेत गेरूचे शेकडो तुकडे मिळाले होते. बरेचसे दगडावर घासून झिजलेले. गेरूची पूड झाडाच्या चिकात कालवली की तो चांगला धरतो, आणि दगडाची पाती लाकडी दांड्याला त्याने चिकटवत, हे एका पात्याच्या बुडाशी राहिलेल्या लाल डागावरून कळलं होतं. त्यात हुशारी होती, पण ती पोटापाण्यासाठीची. या नऊ रेघांचा कशालाच उपयोग नव्हता, आणि म्हणूनच त्यांचं मोल. जी खूण शिकारीला कामाची नाही, थंडीत उपयोगाची नाही, ती कुणीतरी दुसऱ्या कुणाला तरी काही सांगायला केलेली असणार. ती करणाऱ्याचं डोकं तुमच्याआमच्यासारखं चालत होतं असं मग म्हणता येतं. भाचीने तेच म्हटलं होतं, आणि त्यावरच तिचं नाव झालं होतं. परवा त्या खड्यासाठी नवं दालन उघडणार होतं. पहिल्या दिवशी सहा शाळांची मुलं यायची होती.

रेघा ओढणारा डावरा असावा, असंही तिने निबंधात लिहिलं होतं. "मामा, तुझ्या घराण्याचा मूळ पुरुष सापडला," असं म्हणून तिने तेव्हा अख्ख्या प्रयोगशाळेला पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली होती.

भाची तिच्या खोलीत दालनातल्या पाट्यांचा मजकूर तपासत बसली होती.

"बरं झालं आलास. 'हेतुपुरस्सर' हा शब्द शाळेतल्या पोरांना जड जाईल का रे?"

"जाईल."

"मग 'मुद्दाम ओढलेल्या रेघा' लिहू?"

"चिंगे, त्या मुद्दाम ओढलेल्या नाहीत."

तिने वर न बघताच कागदावर खूण केली. "निबंधाच्या दोन परीक्षकांनी वर्षभर पिडलं मला. आता तू तिसरा."

"त्या मी ओढल्यात. नऊपैकी आठ."

भाचीने पेन खाली ठेवलं. मामांचा चेहरा पाहिल्यावर, थट्टा चालली आहे का असं विचारायचं तिने टाळलं. उठून दार लावून घेतलं आणि म्हणाली, "नीट सांग. पहिल्यापासून."

मामांनी उभ्यानेच सांगितलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या उत्खननाची पहिली पेटी आली, तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसे. ते कळलं असतं तर संचालकांनी त्यांना टेबलावरून उठवून गोदामात बसवलं असतं आणि ती पेटी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली असती. त्या खड्यावरचा चुना कडक होता. नियम असा की गेरू मऊ असतो, त्याला धातू लावायचा नाही. मऊ ब्रश आणि बांबूची काडी एवढंच वापरायचं. बांबूच्या तीन काड्या बोथट झाल्या. मग त्यांनी लाकडी मुठीची सुई घेतली. दिसत नव्हतं, म्हणून हाताच्या अंदाजाने खरवडलं. सुई अडली की ते समजत, चुना अडला.

"बोटांना लाल लागलं होतं," मामा म्हणाले. "तेव्हाच कळायला हवं होतं. मला वाटलं खडा भुसभुशीत आहे. म्हणून वरून पातळ राळेचा हात दिला."

"त्या राळेने जुनं-नवं सगळं एका रंगाचं झालं." भाची स्वतःशी बोलल्यासारखं बोलत होती. "आणि खड्याबरोबरच्या चिठ्ठीवर काय लिहिलंस?"

"दरवेळी लिहितो तेच. मऊ ब्रश, बांबूची काडी."

"परीक्षकाने नेमकं हेच विचारलं होतं. साफ कशाने केलं? मी तुझी चिठ्ठी जोडून पाठवली. म्हटलं, मामाने लिहिलंय ना, मग ती काळ्या दगडावरची रेघ."



तिने तिजोरीतून खडा आणला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. बराच वेळ ती एकेका टोकावरून दुसऱ्या टोकावर जात राहिली. मग खणातून गेरूचा एक बिनकामाचा तुकडा काढला, कुठल्या थरातून आला याची नोंद नसलेला.

"सुई आहे ती?"

मामांनी प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलावरच्या पेल्यातून सुई आणून दिली. तीच होती, ते हत्यारं बदलत नसत. भाचीने तुकड्याच्या कोपऱ्यावर चिकटपट्टीचा त्रिकोण लावला.

"हा चुना समज. डोळे मीट. याला धक्का न लावता खरवड."

मामांनी डोळे मिटले, अंगठ्याने त्रिकोणाची कड चाचपली आणि सुई खालून वर ओढली. हात सवयीने चालला आणि कडेजवळ आपोआप बाहेर वळला. तिने तो तुकडा खड्याशेजारी ठेवून पुन्हा पाहिलं. त्यांना बघायला बोलावलं नाही.

"रेघा थरापर्यंत पोचत नाहीत, हे मला दिसलं होतं मामा," ती शेवटी म्हणाली. "साफ करताना थराची कड झडली असेल, असं मी लिहून टाकलं. एक वाक्य. आठ टोकं एकाच बाजूला वळतात, त्याचं काय, हे स्वतःला विचारलंसुद्धा नाही. मला त्या रेघा हव्या होत्या."

"तुझा काय दोष त्यात? चिठ्ठी माझी होती."

"आत्ता माझी समजूत नको काढूस."

बाहेर प्रिंटवाला शिडी ओढत नेत होता, तिचे पाय फरशीवर खरखरत होते.

"नववी?" मामांनी जरा वेळाने विचारलं.

"नववी जुनी आहे. थराखाली जाते. पण एक रेघ म्हणजे काय? वाळूचा कण घासला तरी उमटते. मुळाने होते. कुणी पाय दिला तरी होते. एका रेघेवरून कुणाच्या डोक्यात काय होतं हे नाही सांगता येत."

तिने फोन उचलला. संचालकांना ती फारसं बोलली नाही. फोटो उतरवावा लागेल, दालन परवा उघडता येणार नाही, निबंध मागे घेतल्याचं पत्र मी आज पाठवते. पलीकडून मोठा आवाज येत होता. "नाही साहेब," ती म्हणाली, "मुलं येणार आहेत म्हणूनच." मग ऐकत राहिली. "हो, मामांनी स्वतः येऊन सांगितलं. हो, माझ्यासमोरच आहेत." मग तिने फोन ठेवला.

"मी राजीनामा देतो," मामा म्हणाले.

"दे. पण आज नाही." ती त्यांच्याकडे वळली. "तुला किती दिवस दिसत नव्हतं?"

"ऑपरेशन झालं ना, त्याच्याआधी..."

"महिनाभर असं आईला सांगितलं होतंस. आम्हाला सगळ्यांनाच. मी ते विचारत नाही."

मामांनी खुर्चीची पाठ धरली. एवढा वेळ ते एकाच खड्याचा विचार करत होते. तिच्या प्रश्नाचा रोख त्यांना आता कळला.

"दीड वर्ष," ते म्हणाले.

तिने नोंदवही काढली आणि तारखांवरून बोट फिरवत गेली. मग पानं मोजली. दीड वर्षात मामांच्या हाताखालून चारशे बारा वस्तू गेल्या होत्या. त्यातल्या निम्म्याअधिक इतर संशोधकांच्या. हाडाची एक टोचणी होती, तिच्यावरच्या खाचांवर एकाने पुस्तक लिहिलं होतं. शिंपल्यांचे मणी होते. त्यांवर भाचीचीच विद्यार्थिनी चार वर्षं प्रबंध लिहीत होती आणि पुढच्या महिन्यात तो देणार होती.

"सगळ्यांना सुई लावलीस?"

"नाही. सगळ्यांना नाही."

"कुठल्या कुठल्या?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"मग बघ."

ती गोदामातून गाडी भरून ट्रे घेऊन आली. मामांनी चष्मा पुसला. पहिल्या ट्रेमध्ये दगडी पाती होती. "यांना सुईने काही होत नाही," ते म्हणाले. तिने हिरवी पट्टी चिकटवली. दुसऱ्यात जळकी हाडं होती. ती त्यांनी कोरड्या ब्रशनेच झटकली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. तिथेही हिरवी पट्टी लागली.

तिसऱ्या ट्रेमध्ये कापसावर शिंपले होते, नखाएवढे, प्रत्येकाला एक भोक. त्यांची माळ करून कुणीतरी गळ्यात घालत असे, दोऱ्याने भोकाची कड झिजली आहे, असं त्या विद्यार्थिनीचं म्हणणं होतं. मामांनी पहिला शिंपला उजेडात धरला. आत घट्ट माती होती, एवढं आठवत होतं. ती काढायला त्यांनी सुई घातली होती. सुई आरपार गेली होती. जाताना तिने काही मोडलं का, भोक मोठं झालं का, की आधी भोक नव्हतंच?

"भोक होतं ना आधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मामा, हे तू मला सांगायचंस."

त्यांनी शिंपला फिरवून फिरवून पाहिला. आता डोळे स्वच्छ होते. कडेवरचा प्रत्येक टवका दिसत होता. पण तेव्हा धुक्यातून जे दिसलं नव्हतं, ते आता आठवणार तरी कुठून?

भाची थांबून राहिली. तिने घाई केली नाही.

"ठाऊक नाही," मामा म्हणाले.

तिने शिंपला त्यांच्या हातातून घेऊन कापसावर ठेवला आणि ट्रेला लाल पट्टी लावली. दारापाशी जाऊन तिने विद्यार्थिनीला फोन केला, कामं आटोपून इकडे ये, म्हणाली. कशाला ते सांगितलं नाही. मग परत येऊन बसली आणि पुढचा ट्रे मामांच्या समोर ओढला.