अष्टावधानी पकड

मिस्त्री सकाळी कामावर जाण्यासाठी बुटाची नाडी बांधायला वाकले, की त्यांच्या छातीतून पीं-पीं असा आवाज येई. ते सरळ उभे राहिले की थांबे. दवाखान्यात तो एकदाही आला नाही.

छातीत यंत्र होतं. डाव्या खांद्यापासून चार बोटं खाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून जरा मोठं. हृदयाचा ताल जिवावर बेतेल इतका बिघडलाच, तर विजेचा झटका देऊन तो ताळ्यावर आणायचा, एवढंच त्याचं काम. शिवणकारखान्यात मशीन दुरुस्त करता करता मिस्त्री त्याच मशीनवर कोसळले होते. त्यानंतर ते बसवण्यात आलं.

डॉक्टरांनी यंत्र दोनदा तपासलं आणि त्यांना काहीही सापडलं नाही. तरी त्यांनी निर्णय घेतला. "काका, दोष दिसत नाही, पण हे उगाच वाजत नाही. वाकताना आतली तार हलत असावी. गुरुवारी दाखल व्हा, उघडून बदलू. जखम पुन्हा उघडायची म्हणजे जंतू शिरण्याची भीती असते, ते मी लपवत नाही. पण ऐन वेळी दगा देणारं यंत्र आत ठेवण्यात शहाणपण नाही."

मिस्त्री घरी येऊन म्हणाले, "मी त्या टेबलावर पुन्हा आडवा होणार नाही."

"मग उभे राहून कापून घ्या," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिकडे बराच वेळ नळ चालू होता आणि भांडं एकही वाजत नव्हतं, हे लेकीच्या लक्षात आलं.

लेक वजनं आणि तापमापकं तपासून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. चुकीचं माप दाखवणाऱ्या काट्यात दहापैकी पाच वेळा काट्याचा दोष नसतो, कोणीतरी तो खिडकीच्या वाऱ्यात ठेवलेला असतो, हे तिने पुरेसं पाहिलं होतं. आवाज येतो, ही नोंद होती. यंत्र बिघडलं, हे अनुमान होतं. गुरुवारपर्यंत या दोहोंमधलं अंतर तिला तपासायचं होतं.

घरात अनुमानांना तोटा नव्हता. मिस्त्रींच्या मते वाकल्यावर पोट वर दाबलं जाई आणि यंत्र कुरकुर करी. मिस्त्रीणबाईंच्या मते शरीर कामाला नको म्हणत होतं. "मीही तेच म्हणते, पण मला पीं-पीं करता येत नाही. शिवाय यांच्या शर्टाला हात लावायची सोय उरली नाही. खिशाला बाहेरून सुया चिकटलेल्या असतात. परवा धुताना बोटात घुसली. एवढी वर्षं संसार केला, असले काटे नव्हते कधी."

"सुयांमध्ये काम करतो मी, बागेत नाही," मिस्त्री म्हणाले.

रविवारी सकाळी लेकीने त्यांच्यासमोर बूट आणून ठेवले.

"आज सुट्टी आहे," मिस्त्री म्हणाले. ते बनियनवर बसले होते.

"मला फक्त नाडी बांधून दाखवा."

मिस्त्री वाकले, त्यांनी नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. छाती गप्प.

"बघा," मिस्त्रीणबाई दारातून म्हणाल्या, "कामावर जायचं नसलं की तीही सुट्टी घेते."

लेक हसली नाही. वाकणं एवढंच कारण नव्हे, इतकं सिद्ध झालं होतं. म्हणजे डॉक्टरांची हलणारी तारही संशयातून जवळजवळ सुटली होती. तिने कपाटातून धुतलेला कामाचा शर्ट काढून दिला. मिस्त्री वाकले. शांतता. मग तिने खुंटीवरचा शनिवारी वापरलेला शर्ट दिला, आहे तसा, दोन्ही खिसे भरलेला. मिस्त्री वाकले आणि छाती वाजली.

तिने त्यांचं मनगट धरलं. प्रत्येक पीं नाडीच्या ठोक्यावर पडत होतं, अगदी चोख. हृदयाच्या तालावर इतकं नेमकं वाजणारं यंत्र तिला बिघडल्यासारखं वाटेना.

"उठू का? रक्त डोक्यात उतरलं."

"उठा. आता उजवा खिसा रिकामा करते."

उजव्या खिशात फोन आणि चष्मा होता. ते काढूनही आवाज आला. मग तिने डाव्या खिशातली पकड काढली. आवाज बंद. पकड परत ठेवली. पीं-पीं. काढली. बंद.

"कळलं ना? आता पुरे."

"एकदा झालं तर योगायोग असू शकतो."

"हा कितवा योगायोग आहे? माझी कंबर तुझ्या प्रयोगशाळेची नाही गं!"

पकड लेकीच्या ओळखीची होती. किंबहुना तिच्याच हट्टाने ती घरात आली होती. शस्त्रक्रियेनंतर डाव्या हाताने जड उचलायचं नव्हतं, आणि मिस्त्रींची हत्यारांची पेटी डाव्या हातातच असे. पेटीऐवजी खिशात मावणारं एकच मल्टिटूल घ्यावं, असं ठरलं, आणि ते निवडताना दुकानदाराच्या नाकी नऊ आले. त्याने सगळ्यांत मोठं पुढे केलं: करवत, बाटली उघडण्याचा आकडा, माशाचे खवले काढण्याची पट्टी.

"माझ्या मशीनमध्ये मासे नाहीत," मिस्त्री म्हणाले होते.

"काका, पण असलेलं बरं. कधी लागेल सांगता येत नाही."

"मला सांगता येतं. टोक निमुळतं असलेली पकड, सुईचा स्क्रू फिरवेल असा बारीक स्क्रूड्रायव्हर, धागा कापायला कात्री. बाकीचं तुझ्याकडे ठेव आणि तेवढं वजन कमी कर."

लेकीने तळहातावर एकेक तोलून पाहिलं, पाती कुलूपबंद होतात का ते दाबून पाहिलं, सांध्यांत खेळ आहे का ते हलवून पाहिलं. मिस्त्रींनी मशीनखाली एकदा बोट शिवून घेतलेल्या माणसाच्या संशयाने प्रत्येक पकड मिटून पाहिली. शेवटी एक मध्यम, साधं, पोलादी हत्यार दोघांच्याही पसंतीला उतरलं. एवढी कामं एकट्याने करतं म्हणून मिस्त्रींनी त्याचं नाव अष्टावधानी ठेवलं.

त्या निवडीत लेकीला आता चूक सापडत नव्हती. हत्यारात बॅटरी नव्हती, वीज नव्हती. निव्वळ पोलादाचा तुकडा बाहेरून यंत्राला बोलतं करू शकत नाही. तिने पकड उलटी केली. दांड्याला एक काळी गोल चकती चिकटवलेली होती आणि तिला दोन शिवणसुया लटकत होत्या.

"हे दुकानात नव्हतं."

"ती माझी भर," मिस्त्री थोड्या अभिमानाने म्हणाले. "जुन्या स्पीकरचं चुंबक. सुई खाली पडली की शोधत कोण बसणार? पकड नुसती जमिनीवरून फिरवायची."

"बाबा, चुंबकापासून लांब राहा, असं सांगितलं होतं ना?"

"मोठ्या चुंबकापासून. क्रेनला असतं तसल्या. हे केवढंसं आहे!"

"आणि नेमकं डाव्या खिशात?"

"मग कुठे? आधी तिथे फोन असायचा. डॉक्टर म्हणाले फोन उजवीकडे ठेवा, मी ठेवला. डावा खिसा मोकळा झाला. तिथे बिनविजेचं काहीतरी ठेवलं. सांगितलेलं तंतोतंत ऐकलं, तरी बोलणी मलाच!"

सोमवारी मायलेकींबरोबर दवाखान्यात गेल्यावर मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. लेकीने त्याच्या डाव्या खिशातून पकड काढून डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी ती मिस्त्रींच्या छातीजवळ नेली. यंत्र वाजू लागलं. त्यांनी हात मागे घेतला. यंत्र थांबलं. डॉक्टर क्षणभर त्या खुर्चीवरच्या शर्टाकडे पाहत राहिले, मग त्यांनी गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द केली.

"म्हणजे आवाज निरुपद्रवी होता?" मिस्त्रींनी विचारलं.

"आवाज निरुपद्रवीच होता. त्याचा अर्थ निरुपद्रवी नव्हता. चुंबक जवळ असेपर्यंत हे यंत्र ठोके मोजतं, पण झटका देत नाही. झटक्याचं काम थांबलंय, हे कळावं म्हणून वाजतं."

"नाडी बांधायला कितीसा वेळ लागतो!"

लेकीने विचारलं, "बाबा, कारखान्यात मशीन दुरुस्त करताना तुम्ही कसे असता?"

मिस्त्री डॉक्टरांच्या टेबलावर वाकले. कोपर कडेला टेकवलं, मान खाली घातली, हनुवटी जवळजवळ लाकडाला लागली. तसेच ते काही वेळ राहिले.

"दिवसभर?" डॉक्टरांनी विचारलं.

"जेवण सोडून." ते अजून वाकलेलेच होते. "तिथे वाजलं असेल, तर मला ऐकू कसं येणार? सगळी मशीनं चालू असतात." मग ते सावकाश सरळ झाले आणि खुर्चीत बसले. मिस्त्रीणबाईंनी त्यांच्या अंगावर शर्ट टाकला, बटणं लावली, आणि डाव्या खिशाचं तोंड मुठीत धरून ठेवलं.

चुंबक मिस्त्रींनी तिथेच पकडीवरून खरवडून काढलं. पकड कमरेच्या पट्ट्याला गेली. चुंबक आता कारखान्यात एका लांब काठीच्या टोकाला आहे.

यंत्रात दोष नव्हता आणि तारही हलत नव्हती. फोन उजवीकडे गेल्याने रिकाम्या झालेल्या डाव्या खिशात चुंबक लावलेली पकड आली. मिस्त्री उभे असताना ती यंत्राच्या खाली, पुरेशी दूर असे; पुढे वाकले की वजनाने खिसा गळ्याकडे सरके, चुंबक यंत्राजवळ येई, आणि यंत्र झटक्याची तयारी थांबवून वाजू लागे. दवाखान्यात तपासणीआधी शर्ट उतरवावा लागे, आणि शर्टाबरोबर कारणही खुर्चीवर जाऊन बसे.