मुलाण्याचा हात

लोणावळ्याच्या मालधक्क्यावरच्या बाबू लोकांनी डोहवाडीच्या सहलीचा बेत आखायला घेतला, तेव्हा त्या गावाविषयी सगळ्यांत जास्त माहिती हौशीरामबाबूंना होती. कारण ते तिथं कधीच गेले नव्हते. घाटात विजेची इंजिनं धावू लागून दोनेक वर्षं झाली होती. लोणावळं बरंच पुढारलं होतं, आणि पुढारलेल्या माणसाला जंगल बघायची हुक्की येतेच. वडगावपर्यंत गाडी, पुढं बैलगाडी, बैल थकले की पाय. आंदर मावळात पार आत, झाडीत दडलेली नदीकाठची वाडी. सकाळी पोचायचं, डोहात डुंबायचं, बोकड कापायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. दर रविवारी हौशीरामबाबूंच्या क्वार्टरात बैठक भरे आणि दर रविवारी डोह आणखी खोल होई. पहिल्या बैठकीला वाघ एकटाच होता. एव्हाना त्यानं संसार थाटला होता.

मंडळींत डोहवाडी खरोखर पाहिलेला माणूस एकच, आणि तो भिंतीला टेकून गप्प बसे. निजाम शेख, पार्सल हापिसातला कारकून. गाव, पुणे.

पुणे त्याला अपघातानं मिळालं होतं. नोकरीवर रुजू झाला त्या दिवशी रांगेतल्या पुढच्या माणसाला गाव विचारलं, तो "पुणे" म्हणाला. मग ह्याला विचारलं, हाही "पुणे" म्हणून बसला. एकदा पुणे पत्करल्यावर पुण्यासारखं बोलणं आलं. डोहवाडीचं 'आमी-तुमी' त्यानं घासूनपुसून 'आम्ही-तुम्ही' केलं. 'न्हाई'चा तर असा नायनाट केला की त्या तडाख्यात निरपराध शब्दही सापडले. न्हाव्याला तो 'नावी' म्हणे आणि न्हाणीघराला 'नाणीघर'. मंडळींना वाटे, पुण्यात एखाद्या पेठेत असंच बोलत असतील.

'मुलाणी' हे आडनावही त्याच धुण्यात धुतलं गेलं होतं. मुलाणी म्हटलं की गाव आलं, गावजत्रेचा बोकड आला, आणि त्याच्यावर सुरी फिरवणारा बाप आला. बाप आता नव्हता. राहिली होती ती आई, आणि सुरी.

त्या रविवारी हौशीरामबाबूंनी बाजारात तांदूळ विकायला आलेला एक म्हातारा धरून आणला.

"हे घ्या, थेट डोहवाडीचा माणूस. भिमाजी नाव."

निजाम भिंतीला आणखी चिकटला. लहानपणी पुराच्या पाण्यातून तो याच भिमाजीच्या खांद्यावर बसून पलीकडं जाई. भिमाजी ओट्यावरच टेकला, दारातून आत एकेकाकडं बघत गेला. त्याची नजर निजामवर आली, जरा थबकली, आणि पुढच्या माणसावर गेली.

"वाटेत वाघ फार का हो आबा?" हौशीरामबाबूंनी विचारलं.

"हाय की. पर आयतवारी येत न्हाई."

वाघाची सुट्टी मंडळींना सोयीची वाटली. मग मुख्य विषय निघाला. बोकड.

"बोकड मिळंल, बाबू," भिमाजी म्हणाला. "कापाय मानूस न्हाई."

"म्हणजे?"

"आमच्यात सुरी मुलाण्यानंच फिरवायची. त्याशिवाय त्ये मटान कुनी त्वांडाला लावत न्हाई. आन् मुलाण्याचं पोरगं गेलंय नोकरीला. त्याची आय, मदिनाकाकी, दर जत्रंला सुरी पाजळून दारात बसती. म्हनती, येतोय, गाडी चुकली आसंल. आमी बी वाट बगतो. मंग नारळ फोडतो न् वांग्याचा रस्सा खातो. तीन जत्रा झाल्या."

"अहो, मग शेजारच्या गावचा मुलाणी आणावा!"

"आनला आस्ता. पर त्यो आला म्हंजी काकीच्या घरचा हक्क बुडाला. म्हातारीपाशी दुसरं हाय काय?"

"आणि तो पोरगा? माणूस आहे की धोंडा?"

"न्हाई न्हाई, धोंडा कशापायी," भिमाजी शांतपणे म्हणाला. "लय मोठ्या साहेबाच्या हाताखाली हाय म्हनं. रजा मिळत न्हाई. काकीच सांगती सगळ्यांस्नी."

रजा न घेणारा कारकून म्हणून मागच्या दिवाळीत साहेबानं चारचौघांत निजामची पाठ थोपटली होती. इकडं त्याची पाठ थोपटली जात होती आणि तिकडं त्याच्यापायी सगळं गाव वांगी खात होतं. एवढ्या माणसांची जत्रा आपण अळणी केली, हे त्याला कुणी आजवर कळवलं नव्हतं. कळवणार कुठं? पुण्याला?

"हात्तिच्या, एवढंच ना?" हौशीरामबाबू खुलले. "अहो, आपले शेख आहेत की! काय शेख, फिरवाल ना सुरी?"

निजाम तोंड उघडणार, तोच भिमाजी म्हणाला, "न्हाई जमायचं, बाबू. परक्याचा हात चालत न्हाई."

"शेख, तुमचं त्या बाजूला लांबचं, सोयरिकीतलं कुणी नाही का? बघा, बोकडाचा प्रश्न आहे."

"नाही," निजाम म्हणाला.

इतका स्वच्छ 'नाही' त्याला आजवर साधला नव्हता. त्यात डोहवाडीचा कणसुद्धा नव्हता. भिमाजीनं मान डोलावली.

"साहेब म्हनत्यात त्ये खरं. आमीबी त्यास्नी कवा बगितलं न्हाई."

खोट्याला साक्षीदार मिळाला की माणसाला हायसं वाटायला हवं. निजामला वाटलं, पाटावरून उठावं आणि मालगाडीच्या एखाद्या बंद डब्यात जाऊन बसावं.

चहा आला. भिमाजीचा कप न्यायला कुणी उठेना, तेव्हा निजाम उठला. ओट्यावर जाऊन त्यानं कपबशी पुढं केली आणि आवाज खाली आणला.

"आबा."

"च्या ग्वाड हाय, साहेब."

"आबा, आय कशी हाय?"

"कुनाची?"

भिमाजीनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाचे पाय तरी धरता येतात.

"तिला सांगा, येतो म्हनून," निजाम कसाबसा म्हणाला.

"सांगतो की. पर कोन येतंय म्हनू? शेखसाहेब येनार आसतील तर वांगी आनून ठिवतो. निजाम येनार आसंल तर बोकड बांधतो. आगूदर कळाया पायजे. वांगी नासत्यात."

निजाम परत आत आला. हौशीरामबाबू बोकड रद्द करून भज्यांवर आले होते. तो उंबऱ्यातच उभा राहिला. 'आम्ही-तुम्ही' त्यानं गिळून टाकलं.

"बोकड म्या कापतो. त्यो हक्क माज्या घरचा हाय."

हौशीरामबाबूंनी मांडीवर थाप मारली आणि सगळी खोली हसू लागली.

"वा शेख, वा! काय नक्कल! हुबेहूब म्हातारा! छुपे रुस्तुम निघालात की. पुन्हा एकदा होऊ द्या."

"व्हय व्हय, व्हऊं द्या," कुणीतरी आपलीही कला दाखवली.

खरं बोलायला लाज वाटते, हे निजामला ठाऊक होतं. खऱ्याला वाहवा मिळते आणि ते पुन्हा म्हणायची फर्माईश होते, हे नवीन होतं. त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ह्या वेळी मंडळी जास्त हसली. आवाजातला कंप तर त्यांना फारच साधलेला वाटला.

"मदिना माजी आय हाय," निजाम म्हणाला.

हे पुन्हा म्हणा, असं कुणी म्हणालं नाही. हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. हौशीरामबाबूंनी हातातला कप खाली ठेवला आणि तो उगाच थोडा सरकवला.

"मग... इतकी वर्षं गेला का नाहीत, शेख?"

निजामनं ओट्याकडं पाहिलं.

ओट्यावर बशीतला शेवटचा घोट फुर्रकन संपला. उत्तर तिकडून आलं.

"रजा मिळत न्हवती, बाबू."